ताईला न आठवणारी शर्यत

माझी मोठी बहीण जॉकी होती. चाकणच्या कंपनीत लागले तेव्हा शेजारच्या मशिनवरच्या बाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वरातीच्या घोड्यावर?"

"नाही हो, रेसच्या."

ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "त्यात बाया असतात?"

असतात. आता बऱ्याच आहेत. तेव्हा फार थोड्या होत्या, आणि त्यांतली एक आमच्या घरातली होती.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. जमीन एमआयडीसीत गेली, घर तेवढं राहिलं. घराच्या मागे कंपनीची भिंत, आणि घर नि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, घोडी बांधलेली असायची. आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात. ती पुढे सुटते आणि बैल तिच्यामागे जीव खाऊन धावतात. घोडीवर बसणारा वजनानं हलका लागतो, आणि मागून बैल येत असताना मागे न बघणारा लागतो. एका जत्रेला अण्णांचा नेहमीचा स्वार तापानं फणफणला. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ताईला उचलून घोडीवर बसवलं. ती तेव्हा सातवीत होती. मी आईचा हात धरून घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला उभी होते. माइकवरचा माणूस किंचाळला, "आरं, पोरगी बसलीय राव घोडीवर! पोरगी!" आणि त्याचं वाक्य संपायच्या आत बारी, म्हणजे ती एक धाव, संपलीसुद्धा. ताई परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर भंडारा होता आणि ती हसत होती.

आई म्हणाली, "पडली आसती म्हंजी?"

"पडली न्हाई ना," अण्णा म्हणाले. याच्यापुढे त्यांचं त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

नंतर शर्यतींवर बंदी आली. लोकांनी घोड्या विकून टाकल्या. अण्णांनी विकली नाही. कुठल्याशा कंपनीसाठी सपाट केलेला एक मोठा प्लॉट नुसताच पडून होता, तिथं ताई रोज सकाळी घोडीला पळवायची. एकदा घोडीचं पोट दुखायला लागलं म्हणून घोड्यांचे डॉक्टर आले होते. घोडी बरी झाल्यावर तिला थोडं चालवून दाखवा म्हणाले. ताईनं चालवून दाखवलं, आणि मग राहवलं नाही म्हणून पळवूनही दाखवलं. डॉक्टर प्लॉटच्या कडेला बॅग हातात धरून बघत राहिले.

"हिला रेसकोर्सवर घेऊन या. तिथं शिकाऊ जॉकी घेतात," ते अण्णांना म्हणाले.

"पोरीला? तिथं तर जुगार चालतो म्हंत्यात."

"जुगार खेळणारे वेगळे, घोडं पळवणारे वेगळे."

आईनं त्या दिवशी जेवण वाढलं, पण कुणाशी बोलली नाही. बारावी झाल्यावर अण्णा ताईला मोटरसायकलवर मागे बसवून रेसकोर्सवर घेऊन गेले. तिथल्या एका ट्रेनरसाहेबांनी तिला ठेवून घेतलं. तबेल्यांच्या मागे एका म्हाताऱ्या सईसाच्या घरी तिच्या राहण्याची सोय झाली. सईस म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांच्या बायकोनं तिला मुलीसारखं सांभाळलं.

पुढची काही वर्षं ताई पहाटेच्या सरावात घोडे पळवत राहिली. घोडे तापट असोत, आळशी असोत, तिच्या हाताखाली नीट पळत. पण शर्यतीच्या दिवशी त्याच घोड्यांवर दुसरं कुणी बसायचं. ट्रेनरसाहेब सरळ माणूस होते. त्यांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "मी द्यायला तयार आहे. मालक म्हणतात, शेवटच्या टप्प्यात मुलीची ताकद कमी पडते. घोडा त्यांचा आहे."

ती सुट्टीला घरी आली की मी विचारायची, "मिळाला का घोडा?"

"पुढच्या महिन्यात बघू म्हणालेत."

हे "पुढच्या महिन्यात" मी इतक्यांदा ऐकलं की नंतर विचारायचंच सोडून दिलं. ती घरी फार कमी खायची. वजन वाढलं तर जे काही मिळायचं तेही जाईल, म्हणून अर्धी भाकरी आणि ताक. आई ताट पुढे ढकलायची, ताई मागे सरकवायची. तिच्या मनगटाची हाडं वर आलेली दिसायची. आई म्हणायची, "हितं कंपनीत लाग की ग बहिनीसारखी. बसून काम आस्तंय." ताई हसून घोडीकडे निघून जायची. घोडी आता म्हातारी झाली होती, तिचे डोळे पांढुरके पडले होते. ताईची चाहूल लागली की ती मान वर करायची.

शेवटी घोडा मिळाला तो एका अडचणीमुळे. प्रत्येक शर्यतीत कुठल्या घोड्यानं किती वजन वाहायचं हे ठरवून देतात. एका घोड्याला इतकं कमी वजन लागलं की तेवढ्यात बसेल असा एकही पुरुष जॉकी मिळेना. मालक नाइलाजानं म्हणाले, बसवा त्या मुलीला.

त्या दिवशी मी कामावर होते. अण्णा एकटे गेले होते. आईनं यायला नकार दिला होता. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइल उघडला तर अण्णांनी पाठवलेला व्हिडिओ. सुरुवातीला लांबवर घोड्यांचा एक पुंजका दिसतो, मग तो मोठा होतो, मग अण्णा "हान! हान पोरी!" असं ओरडायला लागतात, आणि त्यानंतर फोन कलंडतो. पुढे नुसतं गवत आणि अण्णांचे बूट. आवाज मात्र येत राहतो. अण्णा कुणाला तरी सांगत होते, "माझी हाय ती. आवो, माझी पोरगी हाय ती." मी कँटीनमध्ये ताटावर बसून रडायला लागले. सुपरवायझर धावत आले, त्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

त्यानंतर तिला घोडे मिळायला लागले. ती आणखी काही शर्यती जिंकली. पेपरात फोटो आला. तिच्यामुळे दुसऱ्या एका ट्रेनरनंही एक शिकाऊ मुलगी घेतली. त्याच हिवाळ्यात आमची घोडी गेली. ताई सरावावरून तशीच निघून आली, कपड्यांना घोड्याच्या घामाचा वास. भिंतीच्या कडेला मोठा खड्डा केला. माती लोटेपर्यंत ती घोडीच्या मानेवर हात ठेवून बसली होती.

मग पडण्याचा दिवस आला. वळणावर तिच्या घोड्याचा पुढचा पाय मोडला. कुणाची चूक नव्हती. घोडा कोसळला, ती पुढे फेकली गेली, आणि मागून येणाऱ्या घोड्याला थांबायला जागा नव्हती. हेल्मेटला तडा गेला होता. तिच्या घोड्याला तिथंच इंजेक्शन देऊन सोडवावं लागलं. ताई बरेच दिवस बेशुद्ध होती. अण्णा आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून असायचे. ट्रेनरसाहेब रोज यायचे आणि अण्णांच्या शेजारी बसायचे.

ती शुद्धीवर आली तेव्हा आम्हा सगळ्यांना ओळखलं. आईला पाणी मागितलं. आम्हाला वाटलं, सुटलो. मग ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, साहेब काय म्हणाले? या महिन्यात देणार आहेत का घोडा?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले.

"दिला की, बाळा," ते म्हणाले. "दिला. आन् तू जिंकलीस."

ती हसली. आजारी माणसाची समजूत काढतात तसं हे बोलतायत, असं तिला वाटलं असणार.

डॉक्टरांनी सांगितलं, अपघाताच्या मागचा काही काळ पुसला गेला आहे, परत येईल किंवा येणार नाही. तो काळ म्हणजे वर्षाच्या थोडा वर होता. तिची सगळी वाट बघणं तिला आठवत होतं. ज्यासाठी वाट बघितली, तेवढं गेलं होतं.

मी तिला व्हिडिओ दाखवला. गवत आणि अण्णांचे बूट बघून ती म्हणाली, "यात मी कुठंय?" मग रेसकोर्सचा नीट काढलेला व्हिडिओ मिळवून दाखवला. हेल्मेट, गॉगल, चिखलानं माखलेला चेहरा, घोड्याच्या मानेवर वाकलेलं एवढंसं माणूस. तिनं तो मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघितला.

"बसलीय छान," ती म्हणाली. "पण ही मी आहे हे तू सांगतेस म्हणून."

तिला घरी आणलं तेव्हा एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. जिंकल्याचं तिला सांगितलं होतं, घोडी गेल्याचं सांगायचं राहून गेलं होतं. रिक्षातून उतरल्यावर ती माझा हात सोडून, घराच्या भिंतीला धरत धरत, मागच्या बाजूला गेली. आम्ही पिशव्या उतरवत होतो. मागून तिची हाक ऐकू आली. घोडीला ती जशी जीभ टाळ्याला लावून बोलवायची, तसा आवाज. दोनदा. मग काहीच नाही. आई हातातली पिशवी टाकून पळाली. ताई रिकाम्या दाव्यापाशी उभी होती. आईनं तिला मिठीत घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मी होते का?"

"होतीस, बाई. तूच माती दिलीस."

जे रडणं ती एकदा रडून बसली होती, ते तिला पुन्हा रडावं लागलं.

तिला फिट येऊ लागल्या होत्या. घोड्यावर परत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. डाव्या कानानं ऐकू येईना. अण्णा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून ती पहिली शर्यत सांगायचे. घोड्याचा रंग, तिच्या अंगातला पिवळा सदरा, शेवटच्या वळणावर ती बाहेरून कशी आली. तिला आठवावं म्हणून सांगायचे. ती मन लावून ऐकायची, मधे प्रश्नही विचारायची, आणि शेवटी म्हणायची, "नाही आठवत हो, अण्णा." एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बास करा आता. तिला तरास हुतोय." अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी शर्यतीचं नाव काढलं नाही, आणि हळूहळू बाकीचंही बोलणं कमी केलं. पुढच्या वर्षी बैलगाड्यांवरची बंदी उठली. गावात ढोल वाजले. अण्णा घराबाहेर पडले नाहीत.

त्याच सुमाराची गोष्ट. ताई झोपली होती. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला दाव की ग ते." आईनं ती शर्यत तोवर पाहिलीच नव्हती. मी लावून दिली. ती पदरानं डोळे पुसत बघत होती. संपल्यावर म्हणाली, "कशी बसलीय बघ. जशी काय एकलीच हाय तिथं." मग म्हणाली, "मी जायाला पायजे हुतं."

अण्णा जाऊन आता दोन वर्षं होतील. माझं सासर काळेवाडीत. ताई आणि आई माझ्याजवळच असतात. ताई शेजारच्या कपड्यांच्या दुकानात काही तास बसते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी घर शोधत आली. पुनावळ्याला राहते, वडील मूळचे बीडकडचे, टेम्पो चालवतात. हातात पेढ्यांचा बॉक्स. ही तीच शिकाऊ मुलगी, जिला ताईमुळे जागा मिळाली होती. आता तिच्या नावावर बऱ्याच शर्यती होत्या. ताईला ती आठवण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी पाया पडली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला लगाम कसा धरायचा ते दाखवलं होतं."

"हो का?" ताई म्हणाली. "दाखव बघू, कसं दाखवलं होतं?"

मुलीनं हवेत हात धरून दाखवलं. ताईनं तिची बोटं जरा आत वळवली. "असं. नाहीतर पावसात सुटतो." मुलीचे डोळे भरून आले. जाताना ती म्हणाली, "रविवारी माझी शर्यत आहे. याल?"

आम्ही दोघी गेलो. मला भीती होती, पण ताई शांत होती. आम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलो. मुलीचा घोडा शेवटच्या टप्प्यात पुढे आला आणि जिंकला. लोक ओरडत होते, ताई ओरडली नाही. मुलगी परत येत होती, घोडा धापा टाकत होता, आणि ताई फक्त तिच्या तोंडाकडे बघत होती. मुलीनं गॉगल वर केला तेव्हा ताई कठड्यावरून पुढे झुकली. मी तिची ओढणी धरून ठेवली.

गर्दीतून चाचा आले. फार थकले होते. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. ताईनं विचारलं, "चाचा, मीपण अशीच आले होते का?"

"हां बेटा," चाचा म्हणाले. "मी लगाम धरला होता तुझा. तू मला म्हणाली, चाचा, पाणी द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीजवळ बसली. खडकी गेली, दापोडी गेली. ती बाहेर बघत म्हणाली, "जिंकल्यावर तोंड असं होतं तर माणसाचं."

पिंपरीला उतरलो, भाजी घेतली, आणि घरी येऊन तिनं आईला सांगितलं, मुलगी जिंकली म्हणून.