अर्जात नसलेली जागा

मालनने तीन वर्षं एकच अर्ज लावून धरला होता: आमच्या वस्तीला संडास द्या. विक्रोळीच्या टेकडीवरच्या एकशेदहा घरांतून तिने सह्या आणि अंगठे गोळा केले. कारखान्याच्या कँटीनमधली भांडी घासून झाली की ती थेट वॉर्ड ऑफिसच्या बाकावर जाऊन बसे. कारकून तिला पाहून कपाळाला हात लावत. पण एक गोष्ट या शहाण्या बाईने कुणालाच विचारली नव्हती, आणि चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये वॉर्डाचे साहेब टेप घेऊन वस्तीत आले तेव्हा नेमकी तीच आडवी आली. संडास बांधायचा कुठे?

टाकी उपसायला गाडी यायला हवी, म्हणजे रस्त्यालगतच्या दोनच जागा. एक बौद्धांच्या ओळीसमोर, मालनच्या दारापासून चार पावलांवर. दुसरी वस्ती कमिटीचे अध्यक्ष दत्ताराम यांच्या घरामागे, तुळशीच्या डब्यापाशी.

"ह्यांच्याकडेच बरं पडेल," दत्ताराम म्हणाले. "मालनबाईंनीच तर मागितलाय."

जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. काय सोयीचं डोकं असतं माणसाचं! संडास सगळ्यांना हवा, दार मात्र मालनचं.

मालनचा जीव कात्रीत सापडला. गेल्याच आठवड्यात पहाटे झाडीत कुणीतरी तिच्या तेरा वर्षांच्या कमलवर बॅटरी मारली होती आणि हसलं होतं. तेव्हापासून पोरगी संध्याकाळनंतर पाण्याचा घोट घेत नव्हती. हो म्हटलं की पोर सुटली असती. पण जालन्याकडच्या गावात मालनचं घर असंच कडेला होतं, सगळ्या गावाची घाण जिथे येऊन पडे तिथे. इथेही तेच? तिला संताप आवरेना.

"आमच्या दारात नको," ती म्हणाली. "सह्या करताना कुणी बोललं नाही. आता बरी सगळ्यांना तीच जागा दिसते!"

"मग राहू दे," दत्ताराम म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वाद आहे असं लिहितो मी. काम दुसऱ्या वस्तीला जाईल." ते टेप गुंडाळू लागले.

मालनने दारात उभ्या कमलकडे पाहिलं. आपल्याच हाताने पोरीची वाट लावली आपण, असं तिला वाटलं. हो म्हणायला तिने तोंड उघडलं.

"थांबा साहेब!"

आवाज तिचा नव्हता. दत्ताराम यांची बायको रत्नप्रभा घरामागून येत होती. कमिटीपुढे ही बाई आजवर एक शब्द बोलली नव्हती. तुळशीचा डबा तिने कमरेवर घेतला होता.

"आमच्या घरामागे मारा फक्की. तुळस मी पुढच्या दाराक ठेवतंय."

"खुळावलंस काय गो?" दत्ताराम ओरडले.

"धा वर्सां मालनबायचो हात धरून त्या झाडीत जातंय मी, काळोखात. तुमी एकदा तरी इचारलात, खय जातंस म्हणान?"

दत्ताराम बाजूला सरकले. साहेबांनी टेप पुन्हा सोडला आणि त्याचं टोक मालनच्या हातात दिलं.

"बाई, नीट ताणून धरा," ते वैतागून म्हणाले. मालनने टेप ताणला आणि सोबतच्या शिपायाने त्याच्या कडेने चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली.

बांधकामाला अजून वर्ष तरी लागणार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नप्रभाने रोजच्यासारखी हाक मारली. कमलला मध्ये घेऊन दोघी डबे सांभाळत निघाल्या. दत्ताराम यांच्या घरामागे आल्यावर मात्र तिघींनी लुगडी-परकर उचलले आणि पांढऱ्या रेघेवर पाय पडू न देता ती ओलांडली.