गमबूटवाले साहेब

एकदा मी एक अख्खी पाणथळ वाळवली. उन्हात पापड घालावेत तशी, मन लावून. वर कागदावर सही ठोकली, की सगळं काम परवान्यातल्या अटींप्रमाणे झालं आहे. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. म्हणजे तरुण म्हणवून घ्यायची सोय नव्हती. पण मूर्खपणाच्या बाबतीत मी ऐन तारुण्यात होते.

परवा नातीने विचारलं, "आजी, डिड यू एव्हर ब्रेक द लॉ?"

मी म्हटलं, "हो. पाचशे फूट."

"व्हॉट?" म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. तुम्ही फोनमध्ये गेला नसाल तर त्या पाचशे फुटांची गोष्ट सांगते. पण आधी गमबूटवाल्या साहेबांची सांगायला हवी.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या उत्तरेला एका लहानशा कंपनीत मी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन्स डिझाइन करायची. या देशात तुमची लाइन ओढ्यातून किंवा पाणथळीतून जाणार असेल, तर फेडरल परवाना लागतो. पाइप मनगटाएवढा असला तरी लागतो. आमच्या ऑफिसात म्हणायचे, पाइप आठ इंची, फाइल बारा इंची. हा विनोद माझाच होता, आणि मी तो दर मीटिंगला करायची. लोक पहिल्यांदा हसले होते.

परवान्याच्या ऑफिसातून जागेची पाहणी करायला जे यायचे, ते हे साहेब. किडकिडीत, कपाळावर ओढलेली टोपी, गुडघ्यापर्यंत हिरवे रबरी बूट आणि खांद्यावर लोखंडी गिरमिट. सुताराचं असतं तसंच, फक्त पुरुषभर उंच. पहिल्या पाहणीला मी टाचांचे बूट घालून, गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभी. ते आले, नकाशाकडे ढुंकूनही न बघता माझ्या पायांकडे बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "गमबूट आणलेत का जी?"

त्या 'जी'वरून मी ओळखलं. नागपूर! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. परदेशात आपला माणूस भेटल्याचा आनंद, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं, की अर्धा परवाना खिशात पडला, असं मला वाटलं होतं.

"नाही आणले," मी लाडात म्हटलं. "इथूनच दाखवते ना."

"इथून मला तुमची गाडी दिसते, मॅडम. पाणथळ तिथं आहे. बूट घेऊन या, मग बोलू." आणि गेले. मी दीड तास ड्राइव्ह करून आले होते.

बूट घेऊन गेले तेव्हा त्यांनी जमिनीत गिरमिट फिरवलं, करड्या मातीचा लगदा वर काढला, बोटांनी मोडला, हुंगला आणि माझ्या नाकासमोर धरला. "वास घ्या."

"शी! कसला हा?"

"नासक्या अंड्याचा. वर्षातून बरेच दिवस इथं पाणी मुरून राहते, त्याची सही आहे ही."

आमच्या पुण्याच्या घरात ताजं अंडंही येत नव्हतं, नासकं मी कुठून ओळखणार! शिवाय तो ऑगस्ट होता आणि जागा माझ्या डोळ्यांना ठणठणीत कोरडी दिसत होती. "पण साहेब, इथे पाणी कुठाय?" मी विचारलं.

"मार्चात या. बेडकं सांगतील."

मार्चमध्ये गेले, तर खरंच घोटाभर पाणी आणि त्यात नखाएवढ्या बेडकांचा असा कालवा, की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. होळी नुकतीच झाली होती. मी पुरणपोळ्यांचा डबा नेला होता. तो पुढे केला, तर साहेब दोन पावलं मागे सरले. "अर्ज पेंडिंग आहे जी."

"अहो, पोळी आहे ती, लाच नाही!"

"तूप लावलंय ना?"

"लावलंय की."

"मग झालं तर." आणि झाडाच्या बुंध्यावर बसून त्यांनी आपला डबा उघडला. सुक्या दोन पोळ्या आणि ठेचा. माझ्या देखत, माझ्या तुपाच्या वासात, चवीने खाल्ल्या. मी माझा डबा घरी आणला आणि रागाने एकटीने चार पोळ्या संपवल्या.

परवाना मिळाला. अटी दोन पानं भरून होत्या, पण साहेबांचा जीव दोन गोष्टींत. पहिली, खणताना वरची फूटभर माती वेगळी ठेवायची आणि शेवटी तीच वर घालायची. तिला ते 'साय' म्हणायचे. "साय खाली नका गाडू जी, तिच्यात बी आहे." दुसरी, चरात ठरावीक अंतरावर चिकणमातीचे आडवे बांध घालायचे. असे सहा बांध होते. पाइपभोवती आपण खडी भरतो. खडीतून पाणी भराभरा पळतं. मध्ये बांध नसले, तर पाणथळीतलं सगळं पाणी त्या खडीतून ओढ्याकडे निघून जाणार.

मला हे पटलं नव्हतं. कॉलेजात मी निचरा शिकले होते. पाण्याचा उत्तम निचरा म्हणजे उत्तम इंजिनिअरिंग. इथे एक वनस्पतिशास्त्रवाला मला सांगणार, की निचरा करू नका? "नागपूरच्या संत्र्यांना घाला म्हणावं बांध," असं मी ऑफिसात म्हणाले. त्यालाही लोक हसले. माझं दुर्दैव असं, की लोक हसायचे.

ज्यांच्यासाठी ती लाइन होती त्या जुन्या वस्तीतले सेप्टिक टँक फुगले होते. अंगणात उभं राहवत नव्हतं. सोमवारी लाइन सुरू करण्याचा छोटा समारंभ ठरला होता. मी त्यासाठी नारायणपेठ इस्त्री करून ठेवली होती. आणि शुक्रवारी दुपारी मुकादमाचा फोन आला, की चिकणमातीचा ट्रक आज येत नाही, मंगळवारी येईल. थांबायचं का?

आता ऐका. ज्या जॉर्जियात बुटाला लागलेली लाल चिकणमाती सात वेळा धुतली तरी जात नाही, तिथे माझं काम चिकणमातीवाचून अडलं होतं. मी क्षणभर विचार केला. पाणथळीचा नाही, साडीचा.

"खडी भरून टाका," मी म्हटलं.

"पाणथळीतले पाचशे फूट, सगळीकडे?"

"सगळीकडे."

सोमवारी रिबन कापली. साडीचं कौतुक झालं. त्या आठवड्यात काम पूर्ण झाल्याचा दाखला सही करून पाठवला: सहा बांध, अटींप्रमाणे. वर साय मात्र इमानदारीने घातली होती. मेकअप म्हणा ना.

पुढच्या मार्चमध्ये साहेबांचा फोन. "गमबूट नका आणू जी." एवढंच.

मी गेले. त्यांना तसं म्हणावं लागलं याचा अर्थ मला रस्त्यातच कळला होता. घोटाभर पाण्याच्या जागी फिकट गवत, त्याच्या बुडाशी भेगा. बेडूक एक नाही. इतकी शांतता, की ओढ्याच्या बाजूने खळखळ ऐकू येत होती. जिथे आमचा चर संपत होता, तिथून स्वच्छ पाण्याची धार वाहत होती. निचरा उत्तम झाला होता.

साहेबांनी गिरमिट रोवलं, वर काढलं. माती कोरडी भुसभुशीत. हुंगली, आणि या वेळी माझ्यासमोर धरली नाही.

"बांध किती घातले?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, त्या भोकाकडे बघत.

खोटं बोलायला इतकी सुरेख जागा मला पुन्हा मिळाली नाही. सगळं आठ फूट खोल. दाखल्यावर सहा. मुकादम दुसऱ्या राज्यात. 'सहा' म्हणायला जेवढा श्वास लागतो, तेवढाच दुसऱ्या उत्तराला लागणार होता. मला वाटतं, एखादा बेडूक ओरडला असता तर मी खोटं बोलले असते.

"एकही नाही," मी म्हटलं.

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काहून?"

"सोमवारी समारंभ होता."

"बरं. लिहून द्या."

आपला माणूस सांभाळून घेईल, ही आशा तेवढ्यातही माझ्या मनात वळवळत होती. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तीन पानी पत्र पाठवलं. परवान्याचा भंग, खोटा दाखला, पुन्हा खणा, सहा बांध घाला, आणि पाच वर्षं दर वसंतात पाणी परत आलं की नाही ते मोजून कळवा. माझ्याकडून प्रोजेक्ट काढून घेतलं. बॉसने मला फक्त बांधांची दुरुस्ती आणि ती पाच वर्षांची मोजणी ठेवली, शिक्षा म्हणूनच. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती: 'विचारल्यावर इंजिनिअरबाईंनी हे खरंखरं सांगितलं.' बॉसला ती ओळ दिसली नाही. मला दुसरी कुठली दिसली नाही.

बांध घालताना मी स्वतः चरात उतरले. प्रत्येक बांध पायाने दाबला. साहेब वर काठावर. "डावीकडे फट आहे जी. तिथंच फुटेल. कडा दाबा, कडा."

पहिल्या मार्चला काही नाही. दुसऱ्या मार्चला जमीन ओलसर, पण बेडूक नाहीत. मी मोजपट्टी घेऊन चिखलात बसायची आणि ऐकायची. त्या वयात नवऱ्याचं इतकं लक्ष देऊन ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता. तिसऱ्या मार्चला एक बेडूक ओरडला. एकच. मी गाडीत जाऊन रडले आणि अहवालात लिहिलं, 'संख्या: एक.'

दर वर्षी साहेब यायचे, दर वर्षी मी डबा न्यायची, आणि दर वर्षी ते म्हणायचे, "फाइल उघडी आहे जी." मी घरी येऊन चार पोळ्या खायची. त्या पाच वर्षांत पाणथळ भरली आणि मीही.

साहेब आता नाहीत. रिटायर होऊन नागपूरला परतले आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच गेले. इथे राहणाऱ्या त्यांच्या मुलीने ते गिरमिट मला आणून दिलं, "बाबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं, मावशी," म्हणून. ते आमच्या गॅरेजमध्ये टांगलेलं आहे. नातीला वाटतं, कुणातरी राक्षसाचं बाटलीचं बूच काढायचं असावं.

पाचव्या मार्चला, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, ते शेवटच्या पाहणीला आले. मी आधीच गमबूट चढवून पाण्यात उभी होते. कालवा असा, की त्यांनी गाडीचं दार लावलेलंही मला ऐकू आलं नाही. त्यांनी गिरमिट फिरवलं, माती हुंगली, माझ्या नाकासमोर धरली. नासक्या अंड्याचा वास. इतका छान वास मी आयुष्यात घेतला नाही.

त्यांनी माझ्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, सही केली, पेन खिशात लावलं. मग हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन. तो डब्यासाठी होता.

चिखलाच्या बुटांनी उभ्याउभ्या त्यांनी पोळी उचलली, उजेडात धरून उलटसुलट पाहिली, कडेवरून बोट फिरवलं आणि घास घेतला. बेडकांच्या वर आवाज काढून म्हणाले, "पुरण कुठूनच बाहेर नाही आलं, ताई. कडा अशा दाबता येतात तुम्हाला, तर तिथं खडी काहून भरली होती जी?"