डॅशबोर्डखालचं बोलणं

आमची पोरगी तापानं गेली, त्या वर्षी कासार आंबोलीच्या एका बंगल्यावरची स्पोर्ट्स कार माझ्या गॅरेजात आली. मालक शनिवार-रविवारचा पाहुणा, गाडी आठवडाभर नुसती उभी. सेल्फ-स्टार्टर फिरायचा, पण इंजिन धरायचं नाही. असली गाडी दारात लागली म्हणून अख्खं गाव बघून गेलं. मला मात्र काही वाटलं नाही. त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं.

अशा गाडीत अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला वायरींचं जंगल, आणि पौडच्या सायबर कॅफेतून काढलेला वायरिंग डायग्राम सगळा इंग्रजीत. मी नववीतच शाळेला रामराम ठोकलेला. बायको रिहे गावची, बारावी पास. ती डब्यावर बसून कागदावरचा रंग वाचायची, मी डॅशबोर्डखाली उताणा पडून तीच वायर मीटरनं तपासायचो आणि मीटर वाजला की "हाय" म्हणायचो. मग ती पुढची वाचायची. आमचं पहिल्यापासून असंच चालायचं.

घरात मात्र बोलणं बंद होतं. भांडण नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. तिला कायमची माहेरी न्यायला मेव्हणा उद्या येणार होता. 'थांब' एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघत नव्हतं.

"काळी-पिवळी," ती म्हणाली.

मीटर वाजेना. वायर चाचपत गेलो, तर उंदरानं कुरतडलेली. सेन्सरचा सिग्नलच कॉम्प्युटरला पोचत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुकडा जोडला, टेप मारली. चावी फिरवताच इंजिन धरलं. आता ही कागद गुंडाळून उठणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मला भीती वाटली. मी इंजिन बंद करून पुन्हा खाली शिरलो.

"वाच."

"अवो, झाली की चालू. आता काय ऱ्हायलंय?"

"तू वाच."

कागद सळसळला. "हिरवी-लाल."

"हाय," मी म्हणालो. आणि वायरींकडं बघतच म्हणालो, "उद्या जाऊ नगंस."

तिनं पुढचा रंग वाचला नाही. मग तिच्या रडण्याचा आवाज आला. पोरगी गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. मी तसाच उताणा पडून ऐकत राहिलो. मला बरं वाटलं.