रहीमभाई होडी मुद्दाम पळवतात का?

मंडळी, आज सकाळी येडशीजवळच्या तलावावर दोस्ती तुटायचीच बाकी होती.

माझे जुने मित्र रहीमभाई आणि मी होडी काढतो. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं मागं गळ सोडून नकली मासा पाण्यातून ओढत न्यायचा. मी वल्हवलं की त्यांना मरळ मिळते. ते वल्हवू लागले की माझा गळ रिकामा! हा माणूस मुद्दाम होडी पळवतो, अशी माझी खात्री झाली होती.

आज गळ जवळ ओढून पाहिला. नकली मासा डुलत यायला हवा, तो भिंगरीसारखा गरगरत होता.

“रहीमभाई, लई जोरात चाललंय. मुद्दाम ना?”

“क्या गुरुजी! गळ सोडला की तुम्ही शाळेतल्या कविता म्हणता. माझा हात तुमच्या तालावर चालतो. आज तर तुम्ही घोडदौडच लावलीय!”

मी ओशाळलो. पाचवीच्या पुस्तकातली एक संथ चालीची कविता धरली. होडी मंदावली आणि दुसऱ्या कडव्याला मरळ लागली.

घरी येताना मात्र आठवलं. स्वतःचा गळ पाण्यात असताना रहीमभाई मला हटकून म्हणतात, “गुरुजी, जरा गप बसा.”

म्हणजे त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. तुम्हाला काय वाटतं?