शिळ्या भाकरीला एक स्टार

कर्जतपासून थोडं आत, रानात आमच्या दोन खोल्या आहेत. काळवीट बघायला येणारे पाहुणे तिथं उतरतात. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर निम्मं आयुष्य घालवल्यावर आपण आता हॉटेलमालक झालो, असं मला वाटायचं. खरं म्हणजे खोल्या चालत होत्या त्या बायकोच्या हातच्या जेवणावर. माझं काम बोलण्याचं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक जोडपं आलं. नवरा मोठा हौशी. रात्री जेवताना म्हणाला, "काका, सकाळी पोहे-बिहे नकोत. तुम्ही घरी खाता ना, तेच द्या."

एवढं ऐकलं आणि मी सुटलोच. रात्रीची बाजरीची भाकरी सकाळी दह्यात कुस्करायची, वर कांदा, बाजूला ठेचा, याच्यावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं. स्वयंपाकघरात गेलो तर बायको तवा घासता घासता म्हणाली, "अहो, पाहुन्याला शिळं देत्यात का? सकाळी गरम भाकरी करून देते की. पीठ हाय."

"तुला कळत नाही. त्यांना अस्सल पाहिजे."

सकाळी त्यानं ताटाचे फोटो काढले, दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली. जाताना माझ्याशी असा हात मिळवला की मी गेटपर्यंत नाही, पार रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

तिसऱ्या दिवशी इंटरनेटवर त्याचा अभिप्राय आला. एक स्टार. "नाश्त्याला आदल्या दिवशीचं शिळं अन्न दिलं. काळवीटही दिसलं नाही."

काळविटाचं मी समजू शकतो. ते काही माझ्या दावणीला नसतं. पण बोटं चाटणारा माणूस असं लिहितो? माझं डोकंच फिरलं. बायकोला काही बोललो नाही. तिला मोबाईलवर ते काही बघता येत नाही, ही माझी समजूत आणि माझा आधार.

माझ्या मोबाईलला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर. लोखंडी शिडी चढून वर उभं राहावं लागतं. त्या दिवसांत मी किती वेळा चढलो-उतरलो असेन, याला सुमार नाही. वर जाऊन उत्तर लिहायचं, खाली येऊन मनात खोडायचं, परत वर. जेवताना घास तोंडात असायचा आणि डोक्यात वाक्य.

"टाकीवर काय करताय सारखं?" बायकोनं विचारलं.

"पाणी किती आहे बघतोय."

"मोटार तर मगाशी मीच बंद केली. भरलीय टाकी."

"भरलेलीसुद्धा बघावी लागते," मी म्हणालो. मी परत चढलो.

शेवटी तिथं वाऱ्यात उभं राहून मी एकदाचं उत्तर टाकलं. वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं: "शिळी भाकरी ही आमची परंपरा आहे. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला ती दिली जाते." दोन दिवस मी छाती काढून फिरलो.

मग बायकोचा फोन वाजला; तिच्या साध्या फोनला घरातही रेंज येते. जेवणाचं विचारायला पाहुण्यांना तिचा नंबर दिलेला असतो. रविवारी नाशिकचं एक कुटुंब येणार होतं, म्हाताऱ्या आईला घेऊन. त्यातली सून बोलत होती. फोन मोठ्यानं लावलेला, त्यामुळे मीही ऐकलं.

"ताई, रागावू नका, अभिप्रायाखालचं तुमचं उत्तर वाचलं. ती शिळी भाकरी घ्यावीच लागते का? आईंना पचत नाही."

बायकोनं "न्हाई हो, ताजं देते" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "काय लिवलंय तुमी?"

मी सांगितलं. आधी पुणेकरानं लिहिलेलं, मग माझं. ती खाली बसली.

"दारावर आलेल्या गोसाव्यालाबी मी कधी शिळं दिलं न्हाई. आन् तुमी जगाला सांगितलं, आमच्यात परत्येकाला शिळं देत्यात?"

"अगं, त्याला उत्तर म्हणून..."

"रविवारच्यांना कळवा. खोल्या हायत, जेवान न्हाई. मी कुन्या तोंडानं वाढू?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. मी घर, गोठा, गेट अशा फेऱ्या मारत राहिलो. माझ्या फोनवरून नाशिकला कळवायचं तर टाकीवर चढायला हवं होतं, आणि पहिल्यांदाच मला चढवेना.

शनिवारी दुपारी चढलो, ते जुनं उत्तर काढून टाकायला. नवं लिहिलं आणि वरूनच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती खाली दोरीवरचे कपडे काढत होती. "भाकरी शिळी होती हे खरं. हौस माझी होती, पत्नीनं नको म्हटलं होतं. मात्र आपण स्वतः मागितली आणि दोनदा वाढून घेतलीत."

"शेवटचं काडा."

"का? खरंच आहे ते! तू बघितलंस ना, दोनदा घेतली!"

"घेतली. मग? पाहुन्यानं किती खाल्लं ते कोन मोजतं का? ते लिवलं तर आपन शिळ्याच्याबी खाली गेलो."

माझा अंगठा त्या ओळीवर बराच वेळ थांबला. ती ओळ गेली की त्याचं सगळं खरं ठरणार आणि माझ्या बाजूचं कुणालाच कळणार नाही. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडला, "काय पाव्हणं, टाकी फुटली का?" मी त्याला हात केला आणि त्याच हातानं ओळ पुसली.

उत्तर टाकलं. खाली उतरलो. नाशिकला अजून फोन केलेला नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी गाडी गेटात शिरल्याचा आवाज आला तेव्हा मी घरापुढच्या ओट्यावर नुसता येरझाऱ्या घालत होतो. आता यांना काय सांगायचं? आत डोकावलो. बायको बाजरीचं पीठ चाळत होती, आणि परातीतला ढीग आम्हा दोघांपुरता नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती चाळणी न थांबवता म्हणाली, "पानी द्या त्यांना. आन् खान्याचं एक अक्षर बोलू नका."