पंचवीसशे एकवीस

सन १९७८, माझं वय पंचेचाळीस. शेजारचे मास्तर तेव्हा सत्तरीला टेकले होते, पण आकडा दिसला की त्याला भागून पाहायची त्यांची खोड काही गेली नव्हती. घराचा नंबर असो की एसटीचा, कशाने भाग जातो ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा भर गांधीबागेच्या बाजारात ट्रकसमोर उभे राहून त्याच्या नंबराला तेराने भाग लावत होते, आणि मागे हॉर्नचा नुसता गोंधळ.

मी विणकर. शाळा दुसरीपर्यंत, आणि त्याची मला लाज नाही. साडीच्या उभ्या धाग्यांना आम्ही ताणा म्हणतो. माझ्या ताण्यात ते पंचवीसशे वीस, आणि काठाला एक जास्तीचा. तो माझ्या बापाचा नेम. व्यापारी हसत, बायको कुरकुर करी. मी तो धागा कधी सोडला नाही.

मास्तर रोज सकाळी मागापाशी येऊन बसत. पंचवीसशे एकवीस हा आकडा ऐकला आणि दोन दिवस त्यांनी घरी कागद काळे केले. मग खुशीत आले. "याले कशानंच भाग जात नाही गा. मूळ संख्या आहे. तुह्यासारखी, कोणाशीच न जुळणारी."

मला ते आवडलं. म्हटलं, "आन् बापाचा धागा काढला तं?"

"मंग तो साऱ्यांचा सोयरा. एकापासून दहापर्यंत कोणीही येवो, बाकी न उरता भाग जाते. त्याच्याहून लहान आकड्याले हे जमत नाही."

तेव्हापासून रोज माग सुरू करण्याआधी मी विचारायचं, पंचवीसशे एकवीसले कशानं भाग जाते? त्यांनी म्हणायचं, कशानंच नाही. मग मी आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा.

पुढे मास्तर विसरू लागले. आधी चष्मा, मग घराची वाट, मग नातवाचं नाव. आमचा सवाल-जवाब तेवढा राहिला. त्यांच्या बाई म्हणत, आता फक्त तुमच्याकडे यायलाच पायात चपला घालतात.

एका सकाळी मी विचारलं. मास्तरांनी डोळे मिटले. म्हणाले, "सात."

खोटं 'हो' माझ्या तोंडून निघत नाही, आणि मास्तरांसमोर तर नाहीच. चुकीचं उत्तर त्यांनी जन्मभर कोणाचं चालवून घेतलं नव्हतं. धोटा माझ्या हातातच राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"चुकलं ना गा?" म्हणाले, आणि उठून गेले.

संध्याकाळी बाई सांगत आल्या, जेवले नाहीत, उद्यापासून मागावर जात नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापाचा धागा कात्रीने कापून काढला. मग मास्तरांच्या घरी गेलो, हात धरून त्यांना आणलं, मागापाशी बसवलं.

"मास्तर, आज ताणा पंचवीसशे वीसचा आहे. कशानं भाग जाते?"

त्यांनी माझ्या हातातल्या धोट्याकडे पाहिलं. मग भीत भीत म्हणाले, "नऊ?"

"बराबर," मी म्हणालो, आणि धोटा फेकला.