टोपीमागचा लाल दोरा

माझ्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, कपडे राहतात. लाँड्री आहे त्याची. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी हा ढिम्म, तेच गिऱ्हाईक ओळखीचा निळा शर्ट घालून आलं की, "या, बाही उसवली होती ना तुमची?" कपड्यांना खुणेचे दोरे घालायचं काम मामीचं. गिऱ्हाइकांना काळा दोरा, घरच्यांना लाल. मामीने नवे कपडे घातले की मामा गर्दीत हरवतो, म्हणून आम्ही त्याला खूप चिडवायचो.

मुलाने हट्टाने दोघांना परदेशी फिरायला पाठवलं. विमानातून उतरल्यापासून पाऊस. पहिल्याच चौकात छत्री उलटी झाली, मामाच्या बुटाचा तळ सुटला आणि बॅग भलत्याच गावाला गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणावं, तर इथे पाणीच पाणी. हॉटेलवाल्यांनी दया येऊन दोघांना रेनकोट दिले. करडे, लांब, डोकं झाकणारी टोपी असलेले. उतरलेल्या सगळ्याच पाहुण्यांच्या अंगावर तेच.

मामा खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाला, "यात सगळे सारखेच दिसतात गं. तुला ओळखायचं कसं?"

"तोंड बघून," मामी म्हणाली. पण मनातून तीही धास्तावली. पर्समधली सुई काढून तिने आपल्या रेनकोटच्या टोपीमागे लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. वस्तू हॉटेलची, पण सवय जाते कुठे! ती पुढे आणि मामा मागे, ही त्यांची चालायची जुनी रीत. तो दिवसभर त्या दोऱ्यामागे चालला.

दुसऱ्या दिवशी मामी कोरडे मोजे घ्यायला एका दुकानात शिरली. ओला रेनकोट दाराजवळच्या खुंटीवर टांगला. मामा बाहेर पत्र्याखाली थांबला. मोजे घेऊन, खुंटीवरचा रेनकोट चढवून ती बाहेर आली, तर मामा नाही. हाका मारल्या. करड्या टोप्या वळून बघायच्या आणि पुढे जायच्या. शेवटी रडकुंडीला येऊन ती एकटीच हॉटेलवर परतली.

खोलीचं दार उघडंच होतं. मामा पलंगावर बसून पाय पुसत होता. न्हाणीघराचं दार लोटलेलं, आत पाण्याचा आवाज.

मामा उठून उभा राहिला. "कोण हवंय आपल्याला?"

"अहो, मी!"

"खोली चुकलीय तुमची. माझी बायको आत आंघोळ करतेय."

मामीने टोपी मागे सारली. मामा आधी तिच्या टोपीमागे डोकावला. तिथे दोरा नव्हता. दोरा होता तो दाराजवळ टांगलेल्या, पाणी ठिबकणाऱ्या दुसऱ्या रेनकोटला. टाके मामीच्याच हातचे.

मामीने न्हाणीघराचं दार ढकललं. नळ सोडलेला, आरसा वाफेने पांढरा. आत कुणी नव्हतं.

दुकानात रेनकोटांची अदलाबदल झाली, एवढं उघड आहे. पण ती बाई कोण, आणि मामासमोरच्या एकुलत्या एका दारातून ती गेली कधी? मामीने खोदून खोदून विचारलं.

"वाटेत काहीच बोलली नाही," मामा म्हणाला. "मला वाटलं, तू रागावलीस."

"आणि चेहरा?"

"चेहरा कशाला बघायचा? तूच होतीस ना."

मामीला सगळ्यात जास्त लागलं ते हे. इतकी वर्षं संसार केला तो माझ्याशी की दोऱ्याशी, असं ती मला म्हणाली. घरी आल्या आल्या तिने आपल्या सगळ्या कपड्यांचे लाल दोरे उसवून टाकले. नवऱ्याने तोंड बघून ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

आता मामा रोज सकाळी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. पावती हरवलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो, तसा. मग म्हणतो, "हं, तूच."

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. आम्ही तिघंच घरात. मामाने मामीला नीट न्याहाळलं, "हं, तूच" म्हणाला आणि कप उचलला. तेवढ्यात न्हाणीघरात नळाचं पाणी वाजायला लागलं. मामाने कप खाली ठेवला. बंद दाराकडे बघून, मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाला, "लवकर आटप गं. गारठशील."

मी मामीकडे पाहिलं. तिला नळाचं काहीच वाटलं नव्हतं.

"मला," ती हळूच म्हणाली, "कधी नाही म्हणाला असं."